बँकॉकची जेवणाची बोट: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात बँकॉकवर लिहिताना चाओ फ्राया नदीवरच्या डिनर क्रूझबद्दल एकच ओळ होती, "वेळ असेल तर करा" एवढीच, आणि देवळं, मार्केटं, मसाज सगळं बाजूला ठेवून पत्रं आली ती त्या एका ओळीवर. त्यातले काही प्रश्न घेतलेत. थोडे आखूड केलेत, नावं गाळलीत.

प्रश्न : आम्ही डिसेंबरात जातोय, सासू-सासरे सत्तरीच्या पुढचे, मुलगा ५ वर्षांचा. पॅकेजमध्ये डिनर क्रूझ आहे. कुठली बोट असं विचारलं तर टूरवाला म्हणतो "चांगली आहे मॅडम". सासूबाईंना चढता-उतरता येईल का? आणि म्हाताऱ्यांना जेवायला फार उशीर होणार नाही ना? (नाशिक)

"चांगली आहे मॅडम" हे काही बोटीचं नाव नाही. त्याच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या: बोटीचं नाव काय, धक्का कुठला आणि टेबल कुठल्या डेकवर. बाकी काही विचारलं नाही तरी चालेल पण हे तीन हवेतच.

धक्का एवढ्यासाठी की मोठ्या बोटी मुख्यतः तीन ठिकाणांहून सुटतात, रिव्हर सिटी, आयकॉनसियाम मॉल आणि खाली दक्षिणेला एशियाटिक हा नदीकाठचा बाजार. यातले रिव्हर सिटी आणि आयकॉनसियाम एकमेकांच्या जवळजवळ समोर आहेत पण मध्ये नदी आहे, म्हणजे नकाशावर बघितलं तर आलोच की असं वाटतं आणि टॅक्सीला मात्र पुलावरून वळसा घालून जायचं असतं, ते पण संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये. चुकीच्या काठावर उतरलात तर स्वतःची बोट लांबून दिव्यांनी सजलेली बघायची वेळ येते.

चढायचं म्हणाल तर धक्का पाण्यावर तरंगणारा असतो, तो हलतो, बोटही हलते, आणि दोघांच्या मधे एक पाऊल टाकायचं असतं. बोटीवरची पोरं दोन्ही बाजूंनी हात धरून घेतात, त्यामुळे गुडघे दुखत असले तरी जमतं. कधी कधी मात्र दोन बोटी एकमेकींना लागून उभ्या असतात आणि पहिलीतून चालत दुसरीत जावं लागतं. खरा त्रास आतल्या जिन्याचा, तो अरुंद आणि उभा असतो, म्हणून सासू-सासऱ्यांसाठी खालच्या एसी डेकवरचं टेबल मागा आणि तुम्ही दोघं आळीपाळीने वर जाऊन या. सासूबाईंना साडी नेसायची असेल तर नेसू द्या पण चपला पट्ट्याच्या हव्यात.

जेवणाच्या वेळेची काळजी सोडा. बोटी बहुतेक साडेसातच्या सुमाराला निघतात आणि दोनेक तासांनी परत येतात. थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, म्हणजे तुमच्या पोटाच्या हिशोबाने संध्याकाळचे ६ वाजलेत. उलट प्रॉब्लेम असा होतो की बुफे उघडतो तेव्हा भूकच नसते आणि भूक लागते तेव्हा भांडी आवरायला घेतलेली असतात.

एक अजून. पॅकेजवाले ही क्रूझ फार वेळा पहिल्याच दिवशी टाकतात, म्हणजे मुंबईहून रात्रीचं विमान, सकाळी बँकॉक, दुपारी एखादं देऊळ आणि संध्याकाळी बोट, आणि मग सासरे सूप समोर ठेवून पेंगतायत आणि मुलगा टेबलाखाली झोपलाय असं चित्र दिसतं. त्याहून वाईट म्हणजे पट्टायाहून परत येतानाच्या संध्याकाळी. तिथून बँकॉक दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, रस्त्यात अडकलात की संपलं. दुसऱ्या दिवसावर ढकला, हट्टाने ढकला.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. आई तर कांदा-लसूणही खात नाही. बोटीवर "इंडियन फूड अव्हेलेबल" लिहिलंय, भरवसा ठेवावा का? (सांगली)

तुमच्यासाठी ठेवा, आईंसाठी नको.

"इंडियन फूड" याचे दोन प्रकार असतात. एक म्हणजे अख्खी बोटच भारतीय ग्रुपसाठी, तिथे डाळ, पनीर, जीरा राइस, नान, शेवटी गुलाबजाम आणि सोबत हिंदी गाण्यांवर नाच. दुसरा प्रकार म्हणजे आंतरराष्ट्रीय बुफेच्या कोपऱ्यात दोन भांडी, एक डाळ आणि एक भाजी, आणि दहा फुटांवर कोळंबीचा ढीग, त्यातला चमचा कधी यातल्या भांड्यात येईल सांगता येत नाही. बुक करताना नुसतं "व्हेज मिळेल का" विचारलंत तर हो म्हणणारच. व्हेज काउंटर वेगळा आहे का, असं विचारा.

थाई पदार्थांत लपलेलं काय असतं तेही सांगतो. फिश सॉस, तिथे त्याला नाम प्ला म्हणतात, हा आपल्याकडच्या मिठासारखा सगळीकडे पडतो. वरून नुसत्या भाज्या दिसणाऱ्या नूडल्समध्ये ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा, असू शकतो. कच्च्या पपईचं सॅलड, सोम ताम, दिसायला एकदम निष्पाप, पण त्यात सुकी कोळंबी आणि फिश सॉस नेहमीचंच. थाई करीच्या पेस्टमध्ये बऱ्याचदा कोळंबीची पेस्ट आधीच वाटलेली असते, म्हणजे मांस बाजूला काढून रस्सा खाल्ला हा उपाय बाद.

आईंना जमेल असं जेवण बँकॉकमध्ये आहे पण ते बोटीवर नाही, रस्त्यावर आहे. पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल थाई अक्षर दिसलं की ते "जे" जेवण. त्यात मांस-मासे-अंडी नाहीतच, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही! बौद्ध परंपरेतला उपासाचा आहार आहे तो. दुपारी तिथे आईंना पोटभर जेवू घाला आणि बोटीवर कलिंगड, अननस, साधा भात एवढ्यावर भागवा. पर्समध्ये दशम्या न्यायच्या असतील तर आधी विचारून ठेवा कारण बऱ्याच बोटींवर बाहेरचं खाणं चालत नाही.

प्रश्न : एकाच बोटीचे तीन ठिकाणी तीन दर! हॉटेलचा डेस्क एक सांगतो, अ‍ॅपवर वेगळा, एजंटचा तिसराच. खरा कुठला? (ठाणे)

तिन्ही खरेच. बोटीच्या माहितीपत्रकावर छापलेला दर फारसं कोणी देत नाही, तो फक्त बाकीचे दर स्वस्त वाटावेत म्हणून असतो. मोठ्या बुफे बोटींचं तिकीट साधारण हजार बाटच्या अलीकडे-पलीकडे बसतं, एक बाट म्हणजे अडीच-तीन रुपये धरा, रोजचा भाव बघून घ्या. लहान, टेबलावर आणून वाढणाऱ्या बोटी याच्या दुप्पट आणि वरही जातात.

दर तपासताना आत काय धरलंय ते बघा. हॉटेलवरून नेणं-आणणं आहे का, लहान मुलाचं तिकीट वयावर की उंचीवर (तिथे उंचीवर पण असतं, पोरगं लांबोडकं असेल तर मोजून घ्या), आणि प्यायला काय. दारू बहुतेक वेळा वेगळी आणि महाग, कोल्ड्रिंकचंही कधी कधी बिल येतं. वीस वर्षांखालच्यांना तिथे दारू देत नाहीत. ३१ डिसेंबरच्या रात्रीचे दर तर बघूच नका, त्या पैशात इथे गोव्याला जाऊन येता येईल.

डेकवरून भांडणं होतात म्हणून सांगतो. वरचा डेक उघडा, वारा असतो, फोटो चांगले येतात, पण डीजे पण तिथेच असतो आणि स्पीकरच्या शेजारचं टेबल मिळालं तर नवरा-बायकोत दोन तास खुणांनी बोलावं लागतं. खालचा डेक थंडगार पण काचेत आतलेच दिवे दिसतात, फोटोत मंदिराऐवजी तुमच्या मागचा बुफे येतो. मार्च ते मे वर उकडतं, पावसाळ्यात म्हणजे मे ते ऑक्टोबर कधीही धावत खाली यायची तयारी ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी डोळे झाकून वरचा डेक.

प्रश्न : इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे. मुलगा नेतोय, पण नुसते दिवे आणि नाचगाणं बघायला दोन तास बसवणार नाही. बघण्यासारखं खरंच काही आहे का? (सातारा)

सर, तुमचंच पत्र मला सगळ्यात आवडलं. भरपूर आहे. बोटीवरची निवेदिका त्यातलं फार थोडं सांगते कारण तिला वाढदिवसांची नावं वाचायची असतात.

रिव्हर सिटीहून बोट उत्तरेला, प्रवाहाच्या उलट निघते असं धरा. डावा काठ म्हणजे थोनबुरी, उजवा म्हणजे आजचं बँकॉक. १७६७ मध्ये बर्मी सैन्याने अयुथया ही जुनी राजधानी उद्ध्वस्त केली, त्यानंतर राजा ताक्सिनने गादी मांडली ती डाव्या काठावर. १७८२ मध्ये पहिल्या रामाने, म्हणजे आजच्या राजघराण्याच्या मूळ पुरुषाने, राजधानी नदी ओलांडून उजवीकडे नेली आणि ग्रँड पॅलेस बांधायला घेतला. म्हणजे एका राजधानीकडून दुसऱ्या राजधानीकडे मान वळवायला बोटीत नुसतं खुर्चीत फिरून बसावं लागतं.

आधी मेमोरियल ब्रिज लागेल, १९३२ चा, घराण्याला दीडशे वर्षं झाली त्या निमित्ताने उघडलेला. तो ओलांडला की डावीकडे सांता क्रूझ चर्चचा घुमट. हो, सांता क्रूझच, पोर्तुगीज इथेही पोचले होते आणि ताक्सिनने त्यांना लढाईतल्या मदतीबद्दल ही जागा दिली. मग कल्याणमित्र देवळाचं उंच छप्पर आणि त्यानंतर डावीकडेच वाट अरुण (थाईत वाट म्हणजे देऊळ). आपल्याच अरुणाचं नाव, सूर्याच्या सारथ्याचं. मधला मनोरा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, दुसऱ्या आणि तिसऱ्या रामाच्या काळात उंच केला आणि त्यावर चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आणि शिंपले जडवलेत. लांबून दगडी वाटतो, जवळून फुलं-फुलं दिसतात, म्हणून दिवसा एकदा पायी जाऊन बघाच. खिशात दहा बाटचं जुनं, २०१८ च्या आधीचं नाणं असेल तर काढून बघा, त्याच्यावर हेच देऊळ आहे.

आता खरी गंमत. वाट अरुण आणि राजवाड्याच्या मधून बोट जाते ते पाणी मुळात नदीचं नाहीच, तो खणलेला कालवा आहे. चाओ फ्राया इथे पश्चिमेला मोठा वळसा घालून जायची, जहाजांचा वेळ जायचा, म्हणून सोळाव्या शतकात अयुथयाच्या राजाने वळशाची दोन टोकं सरळ जोडून टाकली, आणि पुढे प्रवाहानेच तो कालवा रुंद करून आपला केला. जुनं पात्र आज बँकॉक नोई आणि बँकॉक याई या कालव्यांच्या रूपात राहिलंय. वाट अरुणच्या जरा अलीकडे डाव्या काठाला कालव्याचं तोंड दिसतं, तिथे जुनी नदी बाहेर पडते. हे माहीत असेल तर सूप गार होतं पण नजर हलत नाही.

पुढे राम आठवा पूल, २००२ चा, एकाच बाजूला खांब आणि त्याला सोनेरी तारा. बहुतेक बोटी तिथून वळतात. जाताना जे डावीकडे ते येताना उजवीकडे, त्यामुळे कुठल्या बाजूला बसू हा प्रश्नच नाही. फक्त एक करा, बोट सुटल्या सुटल्या सगळे बुफेवर तुटून पडतात तेव्हा तुम्ही कठड्याशी जा. सगळ्यात चांगला तुकडा पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच येतो आणि तेव्हा निम्मी बोट पाठमोरी, हातात ताट घेऊन रांगेत असते. भात कुठे पळून जात नाही.

प्रश्न : बोट लागते मला. गोळी घेऊ का? (कोल्हापूर)

नदी आहे, समुद्र नाही. मोठ्या बोटीत जेवताना पाणीसुद्धा सांडत नाही. शेजारून एखादी लांब शेपटीची मोटरबोट भन्नाट गेली तर दोन हेलकावे बसतात, तेवढंच. अगदीच धाकधूक असेल तर खालच्या डेकवर मध्यभागी बसा, गोळीचं डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : लग्नाचा २५ वा वाढदिवस. नवऱ्याला शांतता हवी, मला नदी हवी. दोघांचं जमेल असं काही? (पुणे)

जमेल, पण मोठ्या बोटीवर नाही. तिथे केक कापताना अनोळखी माणसं टाळ्या वाजवतात, गाणारी टेबलापाशी येऊन माइक तोंडापुढे धरते, आणि तुमच्या यजमानांबद्दल लिहिलंय त्यावरून ते त्या क्षणी नदीत उडी मारतील.

पूर्वी तांदूळ वाहून नेणारे सागवानी पडाव होते, त्यांच्या नीट सजवलेल्या लहान बोटी केल्यात. माणसं मोजकी, जेवण टेबलावर येतं, बसक्या असल्यामुळे पाणी अगदी हाताशी असतं. महाग आहेत. पंचविसाव्याला हरकत नाही. दुसरा पर्याय, बोटच नको. पूर्व काठावर ता तियन धक्क्याच्या बाजूला वाट अरुणच्या बरोबर समोर गच्चीवरची कॅफे-रेस्टॉरंट आहेत, सूर्य देवळाच्या मागे मावळतो, मग दिवे लागतात आणि तुमच्यासमोरून बाकीच्यांच्या डीजेवाल्या बोटी जातात, आवाज तिकडे, तुम्ही इकडे. कठड्याजवळचं टेबल आधी राखून ठेवायचं आणि डिसेंबरात जात असाल तर साडेपाचलाच जाऊन बसायचं, सहाच्या आसपास मावळतोय तिथे. माझं मत विचाराल तर हेच करा.

प्रश्न : कॉलेजचे चौघे जातोय, एवढे पैसे नाहीत. नदी फुकटात बघता येते का? (छत्रपती संभाजीनगर)

फुकटात नाही पण वडापावच्या पैशात येते. नारिंगी झेंड्याची एक्स्प्रेस बोट पकडा, ही तिथल्या लोकांची रोजची बस आहे, तिकीट १६ बाट, कुठेही उतरा. बीटीएस ट्रेनचं सफान ताक्सिन स्टेशन आहे तिथे खालीच साथोर्न धक्का. उन्हं कलल्यावर चढा, उत्तरेला जा, वाटेत सगळं तेच दिसतं जे क्रूझवाल्यांना दिसतं. ता तियनहून वाट अरुणला जायची तर ५ बाटची होडी आहे. संध्याकाळनंतर एक्स्प्रेस बोट बंद होते हे लक्षात ठेवा. साथोर्नहून आयकॉनसियामला मॉलची फुकट बोट जाते, तिथे तळमजल्यावर तरंगत्या बाजारासारखं फूड कोर्ट केलंय, पोटभर खा आणि बाहेर नदीकाठी बसा. पैसे वाचले तर आंबा-चिकट भात खा, तो सोडू नका. आणि ई-सिगरेट कोणाच्या बॅगेत असेल तर घरीच ठेवा, थायलंडमध्ये बंदी आहे, गंमत नाही.

प्रश्न : आम्ही पणजीचे. मांडवीत रोज बघतो या बोटी. मग तिकडे वेगळं काय? (पणजी)

नाच-गाणं सेमच समजा. सांता मोनिका जेटीवरून सुटणाऱ्या बोटीवर देखणी-फुगडी, तिकडे मुकुट घालून थाई नाच, आणि नंतर दोन्हीकडे प्रेक्षकांना उठवून नाचवणं. फरक नदीत आहे. मांडवी मुखाकडे ऐसपैस होते, काठ लांब, पूल मागे पडले आणि कॅसिनोच्या जहाजांचे दिवे संपले की बराचसा काळोख आणि वारा. चाओ फ्राया शहराच्या पोटातून जाते, दोन्ही काठ जवळ, देवळं, हॉटेलं, हॉस्पिटल, झोपड्या, सगळं लागून लागून. मला विचाराल तर वाऱ्यासाठी मांडवी, बघण्यासाठी चाओ फ्राया. तुम्ही घरचे आहात, तुम्हाला पटणार नाही.

प्रश्न : नोव्हेंबरात पाण्यात दिवे सोडतात म्हणे. तेव्हा क्रूझ घ्यावी का? (डोंबिवली)

लॉय क्रथाँग. थाई पंचांगातल्या बाराव्या महिन्याची पौर्णिमा, बहुतेक वर्षी आपल्या त्रिपुरारी पौर्णिमेलाच येते. केळीच्या खुंटाच्या चकतीवर पानांची, फुलांची वाटी करतात, तीच क्रथाँग, त्यात उदबत्त्या आणि मेणबत्ती, आणि नदीची क्षमा मागून पाण्यात सोडतात. आपल्याकडे द्रोणात दिवा सोडतो तेच, सजावट जास्त. त्या रात्री क्रूझ महाग, लवकर भरते आणि बोटीवरून दिवे लांबचे दिसतात. काठावर उभं राहून स्वतः एक सोडा, धक्क्यावर बायका क्रथाँग विकत बसलेल्या असतात. क्रूझ आदल्या रात्रीची घ्या. थर्माकोलची क्रथाँग घेऊ नका, पावाची पण मिळते, ती मासे खातात.

प्रश्न : बोट चुकली तर पैसे परत मिळतात का? आमचा ग्रुप १४ जणांचा आहे म्हणून विचारतेय. (जळगाव)

नाही मिळत, आणि थांबतही नाही कोणी. धक्क्यावर निदान अर्धा तास आधी लागतं कारण काउंटरवर नाव सांगून छातीवर रंगीत स्टिकर लावून घ्यायचा असतो, त्या रंगावर तुमची बोट, आणि शेजारी आणखी चार रंगांचे घोळके उभे असतात. चौदा जणांचे स्टिकर एकाच माणसाने घ्यायचे नि तिथेच सगळ्यांना चिकटवायचे. टॅक्सीच्या भानगडीत पडू नका, बीटीएसने सफान ताक्सिनला उतरा, आयकॉनसियाम आणि एशियाटिकला तिथून शटल बोटी आहेत. आणि ग्रुपमध्ये सगळ्यात उशिरा तयार होणारं जे कोण असेल, असतंच, त्यांना बोट सातची आहे असं सांगून ठेवा.